शाब्दिक उदाहरणं कशी सोडवावीत: साध्या समीकरणापासून भूमिती श्रेढीपर्यंत

शाब्दिक उदाहरण चुकलेली वही उघडून पाहा. गुणाकार-भागाकार बहुधा बरोबरच असतात. चूक पहिल्या दोन-तीन ओळींत झालेली असते: 'समजा'नंतर काय लिहिलं, आणि वाक्याचं समीकरण करताना कोणता शब्द हातातून निसटला. भूमिती श्रेढीच्या, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच ठरावीक संख्येनं गुणून मिळतं अशा रांगेच्या, उदाहरणांत तर हे आणखी ठळकपणे दिसतं. सूत्रं मोजून तीन, तीही पाठ असतात. पण 'न'च्या जागी १२ लिहायचे की १३, इथे गाडी अडते. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा वाचनावर आणि मोजणीवर जास्त भर आहे.

खुणांबद्दल आधीच सांगतो. अज्ञात संख्येला क्ष, श्रेढीच्या पहिल्या पदाला अ, सामान्य गुणोत्तराला (दरवेळी ज्यानं गुणतो त्या संख्येला) र आणि पदांच्या संख्येला न म्हटलं आहे. ^ ही खूण घाताची: २^५ म्हणजे २ चा पाचवा घात, ३२.

शेवटचं वाक्य दोनदा

उदाहरण एकदा सलग वाचा, मग फक्त शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. काय काढायचं आहे? आजचं वय की पाच वर्षांनंतरचं? बाजू की क्षेत्रफळ? दहावं पद की दहा पदांची बेरीज? उत्तर आणि त्याचं एकक समासात पेन्सिलनं लिहून ठेवा: 'हवं: क्षेत्रफळ, चौ. सेमी'. क्षची किंमत मिळाली की सुटल्याच्या आनंदात तीच उत्तर म्हणून लिहून टाकायची सवय या एका ओळीनं जाते.

दुसऱ्या वाचनात दिलेल्या संख्या एककांसकट टिपा आणि एककं एकसारखी करून घ्या. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ मिनिटांत असेल, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

मग छापलेली नसलेली माहिती शोधा. वयाच्या उदाहरणात दोघांचीही वयं सारखीच वाढतात. ये-जा करताना अंतर तेच राहतं. दोन अंकी संख्येत दशकस्थानच्या अंकाची किंमत त्याच्या दहापट असते. हे कुणी लिहून देत नाही, आणि दुसरं समीकरण मात्र पुष्कळदा इथूनच मिळतं. एक जुनं उदाहरण घ्या: जाताना वेग ताशी ४० किमी, त्याच वाटेनं येताना ताशी ६० किमी, सरासरी वेग किती? घाईत उत्तर येतं ५०. पण सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. एका बाजूचं अंतर १२० किमी धरा: जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किमी ५ तासांत. सरासरी ताशी ४८ किमी. हळू वेगात जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४० च्या बाजूला झुकली.

'समजा'ची ओळ

'समजा मुलगा = क्ष' असं लिहू नका. मुलगा ही संख्या नाही. 'समजा मुलाचं आजचं वय क्ष वर्षं आहे' हे पूर्ण वाक्य लिहा. त्यात 'आजचं' आणि 'वर्षं' हे दोन्ही शब्द कामाचे आहेत.

क्ष कुणाला म्हणायचं? ज्याच्याशी तुलना केली आहे, त्याला. 'वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ वर्षांनी जास्त आहे. १० वर्षांनंतर ते मुलाच्या त्या वेळच्या वयाच्या दुपटीपेक्षा ६ वर्षांनी जास्त असेल.' इथे मोजमाप मुलाच्या वयाशी चाललं आहे, म्हणून मुलाचं आजचं वय क्ष, वडिलांचं ३क्ष + ४. दहा वर्षांनंतर मुलगा क्ष + १०, वडील ३क्ष + १४. दुसरं वाक्य आता असं उतरतं:

३क्ष + १४ = २(क्ष + १०) + ६

यातून क्ष = १२, वडील ४० वर्षांचे. पडताळा समीकरणात नाही, मूळ वाक्यात घ्या: दहा वर्षांनी २२ आणि ५०, २२ ची दुप्पट ४४, त्यात ६ मिळवले की ५०. समीकरणच चुकीचं मांडलं असेल, तर समीकरणातला पडताळा ती चूक कधीच दाखवणार नाही.

वाक्य तुकड्यातुकड्यानं उतरवा

सगळं वाक्य एका दमात समीकरणात बसवायला जाऊ नका. 'एका संख्येच्या तिपटीतून ७ वजा केले' म्हणजे ३क्ष − ७. '७ मधून एका संख्येची तिप्पट वजा केली' म्हणजे ७ − ३क्ष. शब्द जवळजवळ तेच, राशी उलटी. 'दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग' आणि 'दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज' यांतही असाच घोळ होतो. २ आणि ३ घेऊन पाहा, पहिली २५, दुसरी १३. '३ ने वाढवली' म्हणजे बेरीज, '३ पट केली' म्हणजे गुणाकार. 'किमान' किंवा 'जास्तीत जास्त' आलं की तिथे बरोबरचं चिन्ह नसून असमानता असण्याची शक्यता आहे.

टक्के दिसले की पहिला प्रश्न: कशाचे टक्के? एखादी राशी २० टक्क्यांनी वाढली आणि मग २० टक्क्यांनी घटली, तर ती मूळ जागी येत नाही, कारण दुसरे २० टक्के वाढलेल्या राशीचे आहेत. टक्क्यांना गुणकात बदलायची सवय लावा. २० टक्के वाढ म्हणजे गुणिले १.२, २० टक्के घट म्हणजे गुणिले ०.८, दोन्ही मिळून ०.९६, म्हणजे ४ टक्के घट. ही सवय जडली की भूमिती श्रेढीचं अर्धं काम झालं, कारण तोच गुणक पुन्हा पुन्हा वापरला की भूमिती श्रेढी तयार होते.

अंकगणिती की भूमिती?

सूत्र आठवण्याआधी पहिली तीन पदं कागदावर लिहा. लागोपाठच्या पदांतला फरक सारखा असेल तर अंकगणिती श्रेढी; पुढचं पद भागिले मागचं पद हे उत्तर सारखं असेल तर भूमिती श्रेढी. दोन्ही नसेल तर तिसरंच काही आहे, आणि ओळखीचं सूत्र ओढूनताणून बसवू नका. ४, ९, १६ मध्ये फरकही सारखा नाही आणि गुणोत्तरही नाही.

दोनच पदांवरून निर्णय घेणं धोक्याचं. ३, ६ यापुढे ९ ही येऊ शकतात आणि १२ ही.

ही निवड चुकली की काय होतं, ते पाहायला हे उदाहरण उत्तम आहे. एका टाकीत ४० लिटर आम्ल आहे. त्यातून ८ लिटर काढून तेवढंच पाणी घातलं आणि नीट ढवळलं. मग त्या मिश्रणातून पुन्हा ८ लिटर काढून पाणी घातलं. असं एकूण तीनदा केलं. आता टाकीत आम्ल किती?

'८ लिटर, तीनदा' वाचून हात आपोआप ४० − २४ = १६ लिहितो. पण दुसऱ्या वेळी काढलेले ८ लिटर निव्वळ आम्ल नाहीत, मिश्रण आहे. कायम राहतो तो भाग: दरवेळी टाकीतला ८/४०, म्हणजे १/५ हिस्सा बाहेर जातो आणि आम्लाचा ४/५ हिस्सा उरतो. म्हणून आम्ल ४०, ३२, २५.६, २०.४८ असं घटतं. उत्तर २०.४८ लिटर. दरवेळी ठरावीक संख्या जाते की आधीच्या राशीचा ठरावीक भाग जातो, एवढं विचारलं तरी श्रेढी कोणती ते कळतं.

सूत्रं, आणि ती कुठून आली

भूमिती श्रेढीचं न-वं पद अ × र^(न − १). न पदांची बेरीज अ × (र^न − १) ÷ (र − १). र ची किंमत १ असेल तर हे चालत नाही, तेव्हा बेरीज सरळ न × अ.

बेरजेचं सूत्र विसरलात तर परीक्षेत दोन ओळींत पुन्हा काढता येतं. बेरीज लिहा, तिला र ने गुणून खाली लिहा, एक घर उजवीकडे सरकवून. वजाबाकी केली की मधली सगळी पदं कटतात. उरतात फक्त दोन टोकं, अ × र^न आणि अ. उदाहरणार्थ ३ + ६ + १२ + २४ ची दुप्पट ६ + १२ + २४ + ४८; वजाबाकी ४८ − ३ = ४५, आणि र − १ म्हणजे १, त्यामुळे बेरीज ४५.

'न' मोजताना

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. काळाशी जोडलेल्या उदाहरणांत पदांची संख्या आणि टप्प्यांची संख्या यांत एकाचा फरक असतो.

एश्चेरिशिया कोलाय हे जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. सुरुवातीला ५० जिवाणू असतील, तर ४ तासांनंतर किती? ४ तास म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे २० मिनिटांचे १२ टप्पे. आता '१२' सापडले म्हणून न = १२ घातलं, तर ५० × २^११ येईल, म्हणजे खऱ्या उत्तराच्या निम्मं. सुरुवातीचे ५० हे पहिलं पद आहे. पहिला टप्पा संपल्यावर दुसरं पद येतं. बारा टप्प्यांनंतर तेरावं. उत्तर ५० × २^१२ = ५० × ४०९६ = २,०४,८००.

घोळ टाळायचा खात्रीचा उपाय म्हणजे छोटा तक्ता, आणि त्याची पहिली ओळ शून्याची. वेळ ०: ५०. वेळ १ टप्पा: ५० × २. वेळ २ टप्पे: ५० × २^२. तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत घात आणि टप्पे जुळलेले दिसतात, आणि 'न − १ की न' हा प्रश्नच उरत नाही. मी तर म्हणेन, काळाच्या उदाहरणांत न-व्या पदाचं सूत्र बाजूला ठेवा आणि 'सुरुवात × गुणक^टप्पे' एवढंच लिहा.

उलट दिशेनंही हेच. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, साधारण ८ दिवस आहे. १६० मिलिग्रॅममधून ४० दिवसांनी किती उरेल? ४० ÷ ८ = ५ टप्पे, १६० ÷ ३२ = ५ मिलिग्रॅम. आणि '१ मिलिग्रॅमपेक्षा कमी केव्हा होईल?' असं विचारलं तर पुढे चाला: २.५, १.२५, ०.६२५. सात टप्प्यांनंतर १.२५, आठ टप्प्यांनंतर ०.६२५, म्हणजे ६४ दिवसांनी नक्की १ च्या खाली. सातव्या आणि आठव्या टप्प्याच्या मध्ये कुठेतरी ती रेषा ओलांडली जाते, तेव्हा 'किती पूर्ण टप्प्यांनंतर' की 'नेमकं कधी' हे प्रश्नात पाहून घ्या. नेमकी वेळ हवी असेल तर लॉगॅरिदम लागतो.

पद की बेरीज: भास्कराचार्यांचं एक उदाहरण

'त्या दिवशी किती' विचारलं तर पद, 'त्या दिवसापर्यंत एकूण किती' विचारलं तर बेरीज. हा फरक ताणून पाहायला भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं (इ. स. ११५०) उदाहरण घेऊ. एका दात्यानं पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या, दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायचं ठरवलं. तर महिन्याभरात तो किती निष्क (त्या काळचं मोठं नाणं) देईल?

अ = २, र = २, महिना ३० दिवसांचा, म्हणून न = ३०. इथे पहिल्याच दिवशी दान झालं आहे, शून्याची ओळ नाही. ३० दिवस म्हणजे ३० च पदं. जिवाणूंच्या उदाहरणाशी हा फरक ताडून पाहा. शेवटचा प्रश्न 'महिन्याभरात', म्हणजे बेरीज: २ × (२^३० − १).

आता २^३० काढायचं कसं? तीस वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही. त्याच ग्रंथाच्या श्रेढीव्यवहार या प्रकरणात याची युक्ती दिली आहे: घात सम असेल तर निम्मा करा आणि 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुणक' लिहा, शून्य येईपर्यंत. ३० निम्मे १५ (वर्ग), १४ (गुणक), ७ (वर्ग), ६ (गुणक), ३ (वर्ग), २ (गुणक), १ (वर्ग), ० (गुणक). मग १ पासून सुरुवात करून ही यादी उलटी वाचत या, 'गुणक' आला की २ ने गुणा, 'वर्ग' आला की वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, आणि शेवटचा वर्ग १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम झालं. संगणकात मोठे घात काढायची जी नेहमीची पद्धत आहे, तिचं तत्त्व हेच.

बेरीज आली २,१४,७४,८३,६४६ कवड्या. पण समासात लिहून ठेवलं होतं: 'हवं: निष्क'. लीलावतीतल्या नाण्यांच्या कोष्टकानुसार २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क; म्हणजे १ निष्क = २०,४८० कवड्या. भागाकार केला की १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ वराटक. एकक बदलणं हा इथे उदाहरणाचाच भाग आहे, शेपूट नव्हे.

उसळणारा चेंडू

हे उदाहरण जवळपास प्रत्येक संचात असतं आणि तितक्याच हमखास चुकतं. चेंडू २४३ सेमी उंचीवरून सोडला. तो दरवेळी आधीच्या उंचीच्या २/३ उंचीपर्यंत उसळतो. पाचव्यांदा जमिनीला टेकेपर्यंत त्यानं एकूण किती अंतर कापलं?

आकृती काढा. अगदी वेडीवाकडी चालेल, पण वर-खाली जाणाऱ्या रेषा मोजता आल्या पाहिजेत. पहिल्या टेकण्याआधी २४३ सेमी, फक्त खाली. पहिल्या आणि दुसऱ्या टेकण्याच्या मध्ये १६२ वर आणि १६२ खाली. मग १०८, ७२, ४८, प्रत्येकी दोनदा. पाचव्या टेकण्यापर्यंत उसळ्या चारच, पाच नव्हेत.

२४३ + २ × (१६२ + १०८ + ७२ + ४८) = २४३ + ७८० = १०२३ सेमी.

चेंडू असाच अनंतकाळ उसळत राहिला असं मानलं, तर र ची किंमत −१ आणि १ च्या दरम्यान असल्यामुळे अनंत पदांची बेरीज अ ÷ (१ − र) वापरता येते: उसळ्यांच्या उंचींची बेरीज १६२ ÷ (१/३) = ४८६, दुप्पट ९७२, अधिक २४३, म्हणजे १२१५ सेमी. १०२३ हे त्याहून कमी आहे आणि फार दूरही नाही, तेव्हा आधीचं उत्तरही पटण्यासारखं आहे.

पदांना सोयीची नावं द्या

'तीन संख्या अंकगणिती श्रेढीत आहेत, त्यांची बेरीज १५ आहे. त्यांत अनुक्रमे १, ४ आणि १९ मिळवल्यास भूमिती श्रेढी होते. त्या संख्या कोणत्या?'

तीन वेगळी अक्षरं घेतलीत तर तीन समीकरणांच्या जंजाळात अडकाल. मधल्या पदाला क्ष म्हणा, फरकाला ड: क्ष − ड, क्ष, क्ष + ड. बेरीज केली की ड कटतो, ३क्ष = १५, क्ष = ५. आता नव्या संख्या ६ − ड, ९, २४ + ड. भूमिती श्रेढीत मधल्या पदाचा वर्ग हा टोकांच्या पदांचा गुणाकार असतो, म्हणून (६ − ड)(२४ + ड) = ८१, म्हणजे ड^२ + १८ड − ६३ = ०. यातून ड = ३ किंवा −२१.

ऋण किंमत पाहून ती खोडू नका. ड = ३ धरून संख्या २, ५, ८; मिळवल्यावर ३, ९, २७. ड = −२१ धरून संख्या २६, ५, −१६; मिळवल्यावर २७, ९, ३. दोन्ही बरोबर. लांबी किंवा वय असतं तर ऋण संख्येमुळे दुसरी उत्तरजोडी बाद झाली असती. इथे नुसत्या 'संख्या' म्हटलं आहे, म्हणून दोन्ही लिहायच्या.

भूमिती श्रेढीतल्या तीन संख्यांचा गुणाकार दिला असेल तर अ/र, अ, अ × र घ्या. गुणाकारात र कटून अ^३ उरतो.

उत्तर डोळ्यांनी तपासा

घटत्या श्रेढीत उत्तर सुरुवातीपेक्षा मोठं आलं, माणसांची संख्या अपूर्णांकात आली, आयताची रुंदी लांबीपेक्षा जास्त निघाली, तर परत वर जा. मोठ्या घातांसाठी २^१० म्हणजे १०२४, साधारण हजार, एवढं लक्षात ठेवलं की अंदाज बांधता येतो. ०.१ मिमी जाडीचा कागद किती घड्या घातल्यावर चंद्राच्या सरासरी अंतराएवढा, म्हणजे ३,८४,४०० किमी जाड होईल? दहा घड्यांना साधारण हजारपट, चाळीस घड्यांना साधारण एकावर बारा शून्यं एवढी पट. म्हणजे सुमारे १ लाख किमी. नेमकं काढलं तर १,०९,९५१ किमी. ४१ व्या घडीला सुमारे २.२ लाख, ४२ व्या घडीला सुमारे ४.४ लाख. उत्तर ४२ घड्या, निदान कागदावर.

करून पाहण्यासाठी

१. आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ५ सेमीनं कमी आहे. परिमिती ५० सेमी असेल तर क्षेत्रफळ किती?

२. भूमिती श्रेढीचं तिसरं पद १२ आणि सहावं ९६ आहे. पहिल्या ८ पदांची बेरीज काढा.

३. १६ सेमी बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडून नवा त्रिकोण, त्याच्या मध्यबिंदूंचा आणखी नवा, असं अखंड चालू ठेवलं. सर्व त्रिकोणांच्या परिमितींची बेरीज किती?

४. एक राशी दर तासाला १० टक्क्यांनी घटते. किती पूर्ण तासांनंतर ती प्रथमच मूळ राशीच्या निम्म्यापेक्षा कमी होईल?

उत्तरं: पहिल्याचं १५० चौ. सेमी (रुंदी १०, लांबी १५). दुसऱ्यात सहावं पद तिसऱ्यानं भागलं की र^३ = ८; अ = ३, र = २, बेरीज ७६५. तिसऱ्यात परिमिती ४८, २४, १२ अशी निम्मी होत जाते. बेरीज ९६ सेमी. चौथ्यात ०.९^६ साधारण ०.५३ आणि ०.९^७ साधारण ०.४८, म्हणून ७ तास. ६ तास आलं असेल, तर दरवेळी मूळ राशीचेच १० टक्के वजा केले आहेत.